तळहातावरचं आभाळ

बसा.

घरात बसा. पक्क्या भिंतींच्या, स्लॅबच्या खोलीत. खिडकीपासून थोडं आत, नळापासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर. मोबाईल जवळ असू द्या, चार्जरची वायर मात्र काढून ठेवा.

आज ढग डोक्यावर येणार आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायचं तर जागा आधी नीट निवडायला हवी. अंग निर्धास्त झालं की कान मोकळे होतात.

पाठ सरळ. खांदे सैल.

उजवा हात मांडीवर ठेवा. तळहात वर, छताकडे. बोटं जशी आपोआप वळतील तशी वळू द्या.

या तळहातावर आज लक्ष ठेवायचं आहे. बाकी काही करायचं नाही.

श्वास घ्या.

सोडा.

*

मे महिन्यातली दुपार उतरते आहे. अहमदपूरच्या भोवती काळी रानं नांगरून पडली आहेत. ढेकळं तापली आहेत. सकाळपासून वारा पडलेला आहे. लिंबाचं पान हलत नाही.

नांदेडच्या रस्त्यानं एक एसटी जाते. तिचा आवाज बराच वेळ कानात राहतो. मग तोही विरतो.

उकाडा अंगाला चिकटतो. चिकटू द्या. तापलेल्या रानावरची हीच हवा हलकी होऊन वर निघाली आहे. दूरच्या समुद्राची ओल तिच्यात आहे.

डोळे मिटा. त्या हवेबरोबर वर चला.

घराच्या वर. लिंबाच्या शेंड्याच्या वर. बालाघाटाच्या माथ्याच्या वर.

२ किलोमीटर. ३ किलोमीटर. ओलीचे थेंब होताहेत. ढगाचा तळ इथे आहे, सपाट आणि काळसर.

५ किलोमीटर. थेंब गोठायला लागतात.

१० किलोमीटर. इथे जवळजवळ सगळा बर्फ आहे.

आणखी वर, १२ ते १५ किलोमीटरवर, ढगाचा माथा पसरून सपाट झाला आहे. खाली तुमच्या कपाळावर घाम आहे. तिथे तापमान शून्याच्या खाली ५० अंशांहूनही उतरलं आहे.

या उंचीपाशी थोडं थांबा.

घाम आणि बर्फ. दोन्ही एकाच आभाळाखाली.

*

आता ढगाच्या मधोमध या.

बर्फाचे बारीक स्फटिक वर जाताहेत. गारेचे मऊ, जड दाणे त्यांच्यामधून खाली येताहेत. वाटेत ते एकमेकांवर आपटतात.

टक्.

त्या टकरीत विद्युतभाराचा अगदी छोटा अंश इकडून तिकडे जातो. बहुतेक वेळा हलका स्फटिक धन भार घेऊन वर निघून जातो. जड दाणा ऋण भार घेऊन मागे राहतो.

एक टक्कर. पुन्हा एक. ढगभर, अगणित.

वीज अजून नाही. आवाज अजून नाही. वर धन साठतो आहे, मध्ये ऋण साठतो आहे, आणि दोहोंमध्ये ताण वाढतो आहे.

हा ताण ऐका. कानाला काही ऐकू येणार नाही. तरी कान तिकडेच असू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

*

तळहाताकडे या.

उघडाच आहे ना तो?

आत्ता त्याच्यातून काहीतरी गेलं.

पुन्हा गेलं.

आणि पुन्हा.

म्यूऑन. विजेचा भार असलेला एक कण, इलेक्ट्रॉनपेक्षा २०० पटींहून जड. सेकंदाला साधारण एक म्यूऑन तुमच्या तळहातातून आरपार जातो आहे. दिवसा, रात्री, झोपेत. तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून.

तो कुठून येतो, ते सावकाश पाहू.

दूर अवकाशात सुटलेला एखादा प्रोटॉन फार मोठा प्रवास करून पृथ्वीपाशी येतो. अशा कणांना वैश्विक किरण म्हणतात. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर तो हवेतल्या एखाद्या अणूवर आदळतो. त्या आघातातून पुढे म्यूऑन जन्मतो.

सेकंदाचे १० लाख भाग करा. त्यातले जेमतेम २ भाग, एवढं त्याचं सरासरी आयुष्य. एवढ्यात प्रकाशसुद्धा पाऊण किलोमीटर जात नाही.

तरी तो इथवर पोचतो. तो इतक्या वेगात असतो की आपल्या घड्याळानं मोजलं तर त्याचा काळ संथ चालतो. होमी भाभांनी हे १९३८ मध्येच लिहून ठेवलं, या कणाची ओळख नुकती होत होती तेव्हा.

ढग. स्लॅब. तळहात. फरशी. काळी माती. मातीखालचा बेसॉल्ट.

सगळं ओलांडून तो जातो. हाताला काही कळत नाही.

चार श्वास इथेच राहा. श्वास आत येताना दोन-तीन म्यूऑन. बाहेर जाताना दोन-तीन.

*

आता ढग या म्यूऑनच्या वाटेवर आला आहे.

काही म्यूऑनवर धन भार असतो, काहींवर ऋण. धन थोडे जास्त असतात. ढगातल्या ताणातून जाताना एकांचा जोर वाढतो, दुसऱ्यांचा कमी होतो. म्हणून ढग असताना खाली पोचणाऱ्या म्यूऑनची गणती किंचित बदलते.

तुमच्या तळहाताला हा फरक जाणवणार नाही. फार मोठा तळहात हवा.

उटीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर, तसा एक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग. त्याची म्यूऑन दुर्बीण ५६० चौरस मीटरची आहे. तुमच्यासारखे ५० हजारांवर तळहात शेजारी शेजारी उघडे ठेवले तर एवढी जागा भरेल.

ही दुर्बीण रात्रंदिवस मोजत राहते.

१ डिसेंबर २०१४ ला तिच्यावरून एक ढग गेला. १८ मिनिटं म्यूऑनची गणती सुमारे २ टक्क्यांनी उतरली. मग पूर्ववत झाली.

त्या २ टक्क्यांवरून शास्त्रज्ञांनी ढगाच्या आतला ताण काढला. १.३ अब्ज व्होल्ट. हे २०१९ मध्ये जाहीर झालं.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते.

आकडा मनात धरून ठेवू नका. एवढंच राहू द्या की इतका मोठा ताण निमूटपणे डोक्यावरून जाऊ शकतो, आणि मोजत बसलेल्याला तो कळू शकतो.

तळहात उघडाच असू द्या.

*

पुन्हा ढगात जाऊ. या वेळी एका इलेक्ट्रॉनबरोबर.

हवेतल्या इलेक्ट्रॉनला फार दूर जाता येत नाही. ढगाचा ताण त्याला ओढतो, पण हवेचे अणू वाटेत उभे असतात. धडकतो. मंदावतो. पुन्हा धडकतो. अडतो.

हे अडणं पाहा. घाई नको.

आता दुसरा इलेक्ट्रॉन पाहा. तळहातातून म्यूऑन गेला, त्याच वैश्विक किरणांच्या सरीतून हा आला आहे. येतानाच वेगात आहे.

आणि इथे हवेचा एक विलक्षण गुण समोर येतो. इलेक्ट्रॉनचा जोर वाढला की, एका टप्प्यापर्यंत, हवा त्याला कमी कमी अडवते.

वेग वाढतो. अडथळा घटतो. वेग आणखी वाढतो.

ढगाचा ताण पुरेसा असेल तर हा इलेक्ट्रॉन थांबतच नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ जातो.

सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं हे १९२५ मध्ये, कागदावर, ओळखलं होतं. तरुणपणी, १८९५ मध्ये, स्कॉटलंडच्या एका डोंगरावर वादळात त्याच्या डोक्यावरचे केस उभे राहिले होते. ढगांमध्ये अब्ज व्होल्टचा ताण असू शकेल हेही त्यानं १९२९ मध्ये लिहिलं. उटीची मोजणी जाहीर व्हायला त्यानंतर ९० वर्षं लागली.

इलेक्ट्रॉन धावतो आहे. वाटेतल्या एखाद्या अणूतून तो दुसरा वेगवान इलेक्ट्रॉन काढतो. आता दोघं. दोघांचे चार. पेरलेल्या एका दाण्याचं ज्वारीचं भरलं कणीस व्हावं, तसा एकाचा समूह होतो.

१९९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाढीचं गणित मांडलं.

हे कण हवेच्या अणूंजवळून जाताना वळतात. वळताना उजेड सांडतात.

तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरण. गॅमा किरण.

मिटल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहा. उघड्या डोळ्यांनीही तो असाच असतो, न दिसणारा.

*

आता खूप वर जाऊ. ढगाच्याही वर, उपग्रहांच्या उंचीवर.

इथून पृथ्वी खाली आहे. ढग खाली आहेत.

१९९१ मध्ये कॉम्प्टन नावाची वेधशाळा इथे आली. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे गॅमा किरण टिपायला. तिला काही झोत खालून आले, पृथ्वीवरच्या वादळी ढगांकडून. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके छोटे. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तोवर ढग असं काही करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

१४ डिसेंबर २००९. फर्मी ही वेधशाळा इजिप्तवर आहे. खाली वादळ नाही. वादळ आहे ४,५०० किलोमीटरवर, झांबियात. तरी तिच्यावर पॉझिट्रॉन येऊन आदळतात. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. झांबियातल्या ढगातून निघून, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेनं ते इथवर आले आहेत.

२०२३ चा जुलै. नासाचं एक विमान २० किलोमीटर उंचीवरून, कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूच्या ढगांवरून पुन्हा पुन्हा जातं. खालचे ढग गॅमा किरणांनी उजळताहेत, मंदावताहेत, पुन्हा उजळताहेत. तासन्‌तास. हजारो चौरस किलोमीटरवर.

उष्ण प्रदेशातले मोठे ढग. आपणही उष्ण प्रदेशातच बसलो आहोत.

इथे थांबा.

अहमदपूरवरचा ढग बाहेरून काळा आहे. त्याच्या आत काय काय उजळत असेल, हा प्रश्न तसाच उघडा राहू द्या. उत्तराची घाई करू नका.

आणि निश्चिंत राहा. ढगातले हे किरण खाली येईपर्यंत बहुतेक हवेतच जिरतात. माणूस दगावतो तो विजेच्या प्रवाहानं. म्हणून आपण आत बसलो आहोत.

श्वास घ्या.

सोडा.

*

लांबवर गडगडतं.

पहिला गडगडाट. डोळे उघडा.

आता तळहातात मोबाईल घ्या. हेही मननच आहे, ते मध्येच सोडलेलं नाही.

रानात कोण आहे? आई आहेत का? भाऊ? सालगडी? शेळ्यांमागे गेलेलं पोर?

एकेकाचं नाव मनात आणा. प्रत्येकाचा चेहरा एका श्वासाइतका समोर राहू द्या.

फोन लावा. बोलणं छोटं असू द्या.

"आभाळ आलंय. काम राहू द्या. घराकडं या."

झाडाखाली थांबू नका, हे सांगा. एकटं झाड, विजेचा खांब, तारेचं कुंपण, यांपासून लांब राहा. पत्र्याचा आखाडा वीज अडवत नाही. पक्कं घर गाठा. नाहीतर काचा वर केलेली गाडी. यातलं काहीच जवळ नसेल आणि अंगावरचे केस उभे राहायला लागले, तर तिथेच पाय जुळवून उकिडवं बसा, मान गुडघ्यांत घाला. आडवं पडू नका.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप मोबाईलमध्ये असेल तर उघडा. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत विजा कुठे पडताहेत ते त्यावर दिसतं.

वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मराठवाड्यातून माणसं गेल्याच्या, बैल गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्यांतली कितीतरी झाडाखाली थांबलेली असतात. पावसापासून आडोसा शोधत.

त्यांच्यासाठी एक श्वास थांबा.

फोन झाला की तो बाजूला ठेवा. हात पुन्हा मांडीवर.

तळहात वर.

*

वारा सुटला आहे. लिंब हलतो आहे. मातीचा वास आत येतो आहे.

उजेड.

मोजा. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

गडगडाट.

आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. सहा मोजले. वीज २ किलोमीटरवर पडली. उजेड आणि आवाज यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेवढी जवळ पुरेशी जवळ असते.

पुढच्या उजेडाची वाट पाहा. आणि तोवर, जे डोळ्यांना फार लवकर सरतं ते आपण सावकाश पाहू.

ढगातून एक वाट खाली निघते. सलग येत नाही. साधारण ५० मीटर पुढे सरते. क्षणभर थांबते. पुन्हा सरते. पुन्हा थांबते.

विजेलाही थांबावं लागतं.

तिच्या या पावलापावलाला क्ष-किरण निघतात. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जमिनीवरच्या उपकरणांनी ते टिपले.

वाट जमिनीजवळ येते. जमिनीवरून, झाडाच्या शेंड्यावरून, उंचवट्यावरून, एक छोटी ठिणगी वर निघते. दोघी भेटतात.

आणि मग तो उजेड. तो खालून वर धावतो. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. हवा एकदम फुगते. तेच आपण ऐकतो.

उजेड.

एक. दोन. तीन.

गडगडाट.

छातीत तो जाणवतो. जाणवू द्या. खांदे वर गेले असतील तर सैल सोडा.

*

एक प्रश्न आहे. त्याच्याजवळ बसून राहू.

जमिनीजवळच्या कोरड्या हवेतून ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टचा ताण लागतो. ढगांच्या आत जाऊन मोजलं तेव्हा ताण साधारण याच्या दहाव्या हिश्शाएवढाच मिळत आला आहे.

मग पहिली ठिणगी पडते कशी?

काहींना वाटतं, बर्फाच्या टोकांपाशी ताण एकवटतो. काहींना वाटतं, ते धावते इलेक्ट्रॉन वाट उघडून देतात. कदाचित दोन्ही. संशोधन चालू आहे.

तुम्ही उत्तर शोधू नका. प्रश्न तळहातावर ठेवा, उघड्या तळहातावर. त्याच्यातून सेकंदाला एक म्यूऑन जातो आहे. त्याच कुळातला एखादा कण कदाचित आत्ता वर, ढगात, काहीतरी सुरू करतो आहे.

श्वास घ्या.

सोडा.

*

पाऊस आला. पत्र्यांवर आला, मग स्लॅबवर. मग तोही ओसरतो.

गडगडाट लांब जातो.

आणखी लांब.

हा शेवटचा वाटतो. घड्याळ पाहा. आता उठायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच बसायचं असतं, कारण ढगाची मागची बाजूही वीज टाकू शकते. बरीच माणसं याच अर्ध्या तासात बाहेर पडतात. पाऊस थांबला, असं म्हणून.

हा अर्धा तास आपण एका गोष्टीबरोबर काढू.

६ फेब्रुवारी २०१७. जपानच्या किनाऱ्यावरचं काशिवाझाकी. समुद्रावरून आलेल्या ढगात वीज चमकते. तिच्याबरोबर निघालेले गॅमा किरण हवेतल्या नायट्रोजनच्या अणूंवर आदळतात, आणि काही अणूंतून एक-एक न्यूट्रॉन उडवतात.

ते अणू आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. ते वाऱ्यावर वाहतात आणि एकेक करून पॉझिट्रॉन सोडतात. पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटतो. दोघं नाहीसे होतात, दोन गॅमा किरण मागे राहतात. वीज केव्हाच विझली आहे. जमिनीवरची उपकरणं पुढे सुमारे मिनिटभर तिचा हा माग टिपत राहतात.

क्योतो विद्यापीठाचे तेरुआकी एनोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी हे प्रसिद्ध केलं.

प्रत्येक विजेत असं होतंच असं नाही. पण असे अणू झाले, तर १० मिनिटांत त्यांतले निम्मे पुन्हा स्थिर होतात.

१० मिनिटं बसा.

निम्मे उरले. पन्हाळीतून पाणी गळतं आहे. ऐका.

आणखी १० मिनिटं बसा.

चौथा हिस्सा उरला. श्वास आपोआप येतो आहे, जातो आहे. त्याला हात लावू नका.

आणखी १० मिनिटं. मध्ये पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. कुरकुर नको. ढगाचं काम अजून चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आठवा हिस्सा उरला.

अर्धा तास झाला.

मूठ वळा. उघडा. हात हलवा. उठा.

ज्यांना फोन केला होता, त्यांना पुन्हा फोन करा. सगळे पोचले का, विचारा. कुणी पक्क्या आडोशाला थांबलं असेल तर सांगा, आता निघायला हरकत नाही. जनावरं मोकळी करा, त्यांना पाणी दाखवा.

आणि एक गोष्ट घरातल्या लहानांना शिकवा. विजेचा उजेड दिसला की मोजायचं, आणि मोजतानाच रानातल्या माणसांना हाक मारायची.